कंबरलँड बेट, जॉर्जिया: एका दिवसात की मुक्कामाला? तयारीचा धागा

खाजण

अटलांटा, सव्हाना, जॅक्सनव्हिल भागातले आपले लोक समुद्र म्हटलं की टायबी नाहीतर सेंट ऑगस्टीन गाठतात. तिथे गाडी थेट पुळणीपर्यंत जाते. कंबरलँडचं तसं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दक्षिणेचं वाळूचं बेट. लांबी साडेसतरा मैल. पूर्वेला उघडा अटलांटिक, पश्चिमेला खाजण आणि खाड्या. पूल नाही, दुकान नाही, टपरी नाही, कचराकुंडीसुद्धा नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी इथे बंगल्यांची वसाहत उभारायचा घाट घातला गेला होता. तो बारगळला आणि १९७२ मध्ये बेट नॅशनल सीशोर, म्हणजे सरकारने राखलेला किनारा, झालं. १९८२ मध्ये उत्तरेकडचा सुमारे दहा हजार एकरांचा भाग कायद्याने रान म्हणून राखला. दिवसाला साधारण तीनशे माणसं हा हिशोब पूर्वीपासून चालत आलाय, आणि तो वाढवायचा विषय निघाला की वाद होतो. मोठ्या शनिवार-रविवारी जागा संपते ती यामुळेच.

फेरीबोट सेंट मेरीज गावातून सुटते आणि पाऊण तासात पोचते. बरीच वर्षं सकाळी ९ आणि ११:४५ ला जायचं आणि शेवटची बोट ४:४५ ला परत, असा क्रम आहे. मधल्या फेऱ्या ऋतूप्रमाणे बदलतात आणि हिवाळ्यात आठवड्याचे काही दिवस बोट बंद असते, त्यामुळे बुकिंगच्या वेळी ताडून बघाच. बोटीचं तिकीट वेगळं आणि पार्कचा प्रवेश वेगळा. प्रवेश १६ वर्षांवरच्यांना माणशी १५ डॉलर, सात दिवस चालतो, आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर त्यात बसतो. सुटायच्या निदान तासभर आधी गावात पोचा, कारण हजेरी न लावलेल्यांच्या जागा दुसऱ्यांना दिल्या जातात. अटलांट्याहून गाडीने साडेपाच-सहा तास लागतात. ९ ची बोट धरायची तर आदल्या रात्री सेंट मेरीज किंवा किंग्जलंडला मुक्काम हवा. पहाटे तीनला निघून पोचू असा हिशोब करणाऱ्यांना ११:४५ च मिळते आणि दिवस अर्धा होतो.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती गोष्ट. बेटावर धक्के दोन: आधी डंजनेस, मग सी कॅम्प. मध्ये सुमारे एक मैल. एका दिवसासाठी आलेल्यांनी डंजनेसला उतरावं. जुन्या वाड्याचे अवशेष बघून लाकडी पायवाटेने पुळणीवर यावं, पाण्याकडेने उत्तरेला चालावं, सी कॅम्पच्या वाटेने ओकच्या रानातून आत शिरावं आणि सी कॅम्पच्या धक्क्यावरून परतीची बोट धरावी. सगळं मिळून चार मैलांच्या आसपास. उलट्या दिशेनेही होतं, पण मग दुपारच्या उन्हात अवशेषांच्या उघड्या मैदानात शेवटचा टप्पा येतो. तंबूवाल्यांनी मात्र सी कॅम्पलाच उतरायचं, कारण रेंजरची सूचनांची बैठक तिथे होते.

डंजनेसबद्दल थोडक्यात: थॉमस आणि लूसी कार्नेगी यांनी १८८० च्या दशकात बांधलेला वाडा, १९५९ मध्ये जळाला, भिंती उभ्या आहेत. आत शिरायला मनाई आहे. विटा सैल झाल्यात आणि सावलीत साप असतात.

पाठपिशवी

उत्तम सुरुवात. मुक्कामाचं मी लिहितो.

तंबूच्या जागा पाच ठिकाणी आहेत, दक्षिणेकडून उत्तरेकडे, सी कॅम्पच्या धक्क्यापासून अंतर असं: सी कॅम्प अर्धा मैल, स्टॅफर्ड बीच साडेतीन, हिकरी हिल साडेपाच, यँकी पॅरडाइज साडेसात, ब्रिकहिल ब्लफ साडेदहा. पुळणीवर तंबू ठोकायला बंदी. सलग सात रात्रींची मर्यादा. आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि मार्च-एप्रिलचे शनिवार पहिल्याच दिवशी जातात. आधी तंबूची जागा, लगेच त्याच बैठकीत बोट. एक मिळून दुसरं न मिळाल्याने बेत रद्द झाल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

सी कॅम्पला पिण्याचं पाणी, फ्लशचे संडास, थंड पाण्याचे शॉवर आणि प्रत्येक जागेला जाळीचा अन्नपिंजरा आहे. धक्क्यावर हातगाड्या असतात, सामान त्यात टाकून अर्धा मैल ओढायचं. गाड्या मोजक्या, बोट भरलेली. म्हणून एकाने उतरल्या उतरल्या गाडी धरावी, दुसऱ्याने सामान. वाट वाळूची आहे, बारीक चाकांची सूटकेस तिथे रुतते.

स्टॅफर्डलाही पाणी आणि संडास आहे. त्यापुढच्या तीन जागांवर पाणी विहिरीचं, शुद्ध करूनच प्यायचं. त्याला गंधकाचा, म्हणजे उकडलेल्या अंड्याचा वास येतो. वास उडवायला भांडं उघडं ठेवून अर्धा तास हलवत राहा. फिल्टरने जंतू जातात, खारटपणा जात नाही, तेव्हा चव खारट लागली तर ते पाणी सोडून द्यायचं. क्लोरीनच्या गोळ्या वापरणार असाल तर गोळी विरघळून अर्धा तास थांबा, आणि बाटलीचं झाकण किंचित सैल करून आटेही त्या पाण्याने धुवा, नाहीतर तोंडाला लागणारा भाग तसाच राहतो.

रानातल्या या तिन्ही जागांवर शेकोटी चालत नाही, फक्त स्टोव्ह. सी कॅम्प आणि स्टॅफर्डला शेकोटी करता येते, पण कोरड्या दिवसांत तिथेही बंदी येते.

साडेदहा मैल ऐकायला फार वाटत नाही. पण ९ च्या बोटीने पोचून सूचनांची बैठक संपेपर्यंत साडेदहा वाजतात. पाठीवर पंधरा किलो, पायाखाली भुसभुशीत वाळू. ताशी दोन मैलांच्या वर वेग धरू नका. ११:४५ च्या बोटीने येऊन पहिल्याच दिवशी ब्रिकहिल गाठायचा बेत करणं शहाणपणाचं नाही, हिवाळ्यात तर अंधारच गाठतो. परतीच्या दिवशी उलट हिशोब: आदल्या रात्री स्टॅफर्ड किंवा हिकरी हिलपर्यंत खाली उतरून राहावं.

गोगलगाय

आई-बाबा भारतातून येणार आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास. बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना घेऊन जमेल का? आणि जून चालेल का?

खाजण

गोगलगाय, जून टाळा. दमट उकाडा, डास, आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला गडगडाटी पाऊस. वीज कडाडत असताना पुळणीवर लपायला जागा नसते. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर, किंवा मार्च ते एप्रिलची सुरुवात बघा.

गुडघ्यांसाठी दोन पर्याय. डंजनेसच्या धक्क्यावर उतरून आइस हाउसचं छोटं संग्रहालय आणि अवशेषांपर्यंत सपाट वाट आहे, संडासही तिथे आहे. तेवढंच करून त्याच धक्क्यावरून परत यायचं. पुळणीचा हट्ट धरू नका, किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्या दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यात वाईट. दुसरा पर्याय व्हॅनमधून उत्तर टोकापर्यंतची सफर. तिचं आरक्षण वेगळं, पाच-सहा तास लागतात. प्लम ऑर्चर्ड हा १८९८ चा वाडा आणि उत्तरेच्या वस्तीतलं छोटं लाकडी चर्च त्यात होतं. ते धक्क्यापासून पंधरा मैलांवर, पायी एका दिवसात जाऊन येणं अशक्य. रस्ता कच्चा आहे, व्हॅन उसळते. पाठीचं दुखणं असेल तर दहादा विचार करा.

औषधं हातातल्या पिशवीत. बेटावर डॉक्टर नाही. काही झालं तर बोटीनेच बाहेर काढतात आणि त्यात तास जातात. मोबाइलला रेंज कुठे आहे, कुठे नाही.

उधाणभरती

भरती-ओहोटीचा तक्ता न बघता जाणारे लोक इथे निम्मी मजा घालवतात. मुंबईच्या मानाने आकडा लहान वाटेल, सहा-सात फूट. पण फ्लोरिडापासून कॅरोलिनापर्यंत आत वळलेल्या किनाऱ्यात पाणी जॉर्जियापाशी कोंडलं जातं, त्यामुळे या सगळ्या पट्ट्यात सगळ्यात जास्त चढ-उतार इथेच. पुळणीचा उतार इतका मंद आहे की ओहोटीला पाणी खूप दूर जातं आणि घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. चालायचं ते त्यावर. पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास धरा. भरतीला, त्यातही अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, तुम्ही टेकड्यांच्या पायथ्याशी सैल वाळूत ढकलले जाता आणि वेग निम्म्यावर येतो. तक्ता फर्नांडिना बीचचा बघा, सेंट मेरीजचा नको. नदीच्या आत भरती उशिरा पोचते, म्हणून गावातली वेळ पुळणीला लागू पडत नाही.

दुसरी अडचण म्हणजे परतीची वाट. पुळणीवरून सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात. आत शिरायच्या वाटांवर खुणेचे खांब आहेत, पण ते टेकड्यांच्या कडेला. पाण्याकडेने मान खाली घालून शंखशिंपले वेचत चाललात तर खांब मागे पडतो आणि मैलभर पुढे गेल्यावर कळतं. बाहेर पडतानाच मागे वळून फोटो काढा किंवा फोनमध्ये जागेची खूण ठेवा. वाट चुकली म्हणून मधूनच टेकडी चढू नका. सी ओट्स नावाच्या गवताच्या मुळांनी ती वाळू धरलेली असते, ती तुटली की वाऱ्याने तिथे घळ पडते.

जीवरक्षक नाहीत. पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे तळाशी बसलेले स्टिंग रे, म्हणजे काटेवाले पाकट मासे, बाजूला होतात.

रिकामे शंख आणि शार्कचे दात न्यायला परवानगी आहे. दात पुळणीपेक्षा मुख्य रस्त्यावर सापडतात, कारण खाडीतून उपसलेला गाळ रस्त्याच्या भरावाला वापरला होता. पाऊस पडून गेल्यावर बघा, काळे आणि चकचकीत दिसतात.

शार्लटकर

नॉर्थ कॅरोलिनातले लोक विचारतील की एवढ्या लांब कशाला, आपलं केप लुकआउट आहेच की. आहे, पण जात वेगळी. तिथे ५६ मैलांची बेटांची माळ, बारीक आणि सपाट, झाडं फार कमी. कंबरलँडचा गाभा हिमयुगातल्या जुन्या वाळूचा आहे, म्हणून त्यावर मोठं रान उभं राहिलं. लाटांचा जोर आणि लहान भरती यांनी घडवलेली बेटं लांब आणि चिंचोळी होतात, मोठ्या भरतीची आखूड आणि रुंद. सावलीचा सगळा फरक तिथून येतो.

त्या माळेतल्या शॅकलफर्ड बेटावर जायचं तर बोफर्ट किंवा हार्कर्स आयलंडहून बोट. प्रवेशशुल्क नाही, तंबूला पैसे नाहीत, आरक्षणही नाही. त्या बदल्यात पाणीही नाही. माणशी दिवसाला चार लिटर धरून सगळं पाठीवर न्या. धक्का नाही, बोट किनाऱ्याला नाक लावते आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरता. फोन आणि पाकीट झिपच्या पिशवीत, बूट गळ्यात. तंबूच्या नेहमीच्या सहा-सात इंची खुंट्या वाळूत टिकत नाहीत. दीड फुटी रुंद खुंट्या न्या, नाहीतर पिशव्यांत वाळू भरून दोरी बांधून पुरा. छत्रीसारखा मांडव वाऱ्याच्या दिशेला आडवा लावला की गेलाच.

केप लुकआउटचं १८५९ चं काळ्या-पांढऱ्या चौकटींचं दीपगृह १६३ फूट उंच आहे. वर चढायला मिळेलच असं धरून जाऊ नका, ते दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं असतं.

शिंपले

कंबरलँडचे जंगली घोडे राहिले की! मुलं फक्त त्यांच्यासाठी जायला तयार आहेत. सफरचंद नेलं तर चालतं ना?

पाठपिशवी

नाही चालत. पन्नास फूट अंतर ठेवायचं, म्हणजे एका बसपेक्षा जास्त. चावतात, लाथ मारतात. शिंगरू आणि घोडी यांच्या मध्ये कधीही येऊ नका. वाटेवर उभे असतील तर वळसा घाला, टाळ्या वाजवून हाकलू नका. माणसाकडून खायला मिळतं हे एकदा कळलं की ते तंबूत शिरतात.

शार्लटकर

आणि 'जंगली' म्हणणं तितकंसं बरोबर नाही. पाळीव घोड्यांची मोकाट झालेली पिढी आहे ती. कंबरलँडवर साधारण दीडशे. त्यांना कुणी चारा घालत नाही, औषध देत नाही, संख्याही कुणी आवरत नाही. खाजणातलं गवत आणि टेकड्यांवरचे सी ओट्स हेच खाणं, त्यात वाळू आणि परजीवी पोटात जातात. बरगड्या दिसणारे घोडे दिसतील, मुलांना आधीच सांगून ठेवा. शॅकलफर्डला १९९८ च्या कायद्याने आणि त्याच्या २००५ च्या दुरुस्तीने कळप ११० ते १३० च्या दरम्यान ठेवतात, घोड्यांना गर्भनिरोधक देतात. तिथले घोडे बरे दिसतात. माझं मत विचाराल तर कंबरलँडवरही तेच व्हायला हवं.

उधाणभरती

शार्लटकर, मी तर म्हणेन की घोडे बेटावरून हलवायलाच हवेत. खाजणाचं गवत चरलं आणि तुडवलं की कड खचते, टेकड्यांचंही तेच. लोक फोटो काढतात घोड्यांचे आणि मागची उघडी पडलेली टेकडी कुणाला दिसत नाही. त्याच पुळणीवर मे ते ऑगस्ट लॉगरहेड कासवं अंडी घालतात. घोड्यांना वाव आणि कासवांच्या घरट्यांना जाळी, असा विचित्र कारभार आहे.

खाजण

घोड्यांवर वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद त्यातच जातील. कासवांचा मुद्दा मात्र कामाचा. त्या महिन्यांत रात्री पुळणीवर पांढरा टॉर्च नको, लाल दिवा वापरा. वाळूत खणलेले खड्डे निघताना बुजवा, पिल्लं त्यात अडकतात.

पाठपिशवी

किड्यांवर कुणी बोललं नाही, म्हणून. क्रम असा: गोचीड, चिलटं, डास. लोन स्टार जातीची गोचीड वाटेकडेच्या गवतावर आणि सॉ पाल्मेटो या बुटक्या ताडाच्या पानांवर बसून असते. पँट मोज्यात खोचा, फिक्या रंगाचे कपडे घाला. अर्धा टक्का परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा. ते कातडीला लावायचं नाही, आणि ओलं असताना घरातल्या मांजरापासून लांब ठेवा. अंगाला डीट असलेलं कीटकरोधक. रात्री काखा, जांघा, गुडघ्याची लवण, कानामागची जागा, लहान मुलांची टाळू, सगळं तपासा. गोचीड टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी, रॉकेल असले घरगुती उपाय करू नका, त्यात वेळ जातो आणि ती जास्त वेळ चिकटून राहते.

वारा पडला की चिलटं येतात, संध्याकाळी खाजणाच्या बाजूला जास्त. तंबूची जाळी बारीक विणीची नसेल तर ती सरळ आत येतात. ब्रिकहिल खाजणालगत आहे, तिथे हे फार. स्टॅफर्ड समुद्राजवळ असल्याने वाऱ्यात सुटका होते.

डबेवाली

खाण्याचं. बेटावर काहीही विकत मिळत नाही. एका दिवसासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकडी. दशमी दुधात भिजवली तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत धरू नका. नुसत्या तेलमिठाच्या घडीच्या पोळ्या जास्त टिकतात. बटाट्याची भाजी किंवा दहीभात बंद डब्यात दुपारपर्यंत आंबतो, टाळा. मुक्कामाला मेतकूट, भाजलेले पोहे, उपम्याचं भाजून ठेवलेलं कोरडं मिश्रण. रव्याच्या एका वाटीला अडीच वाटी पाणी, पाच मिनिटांत होतो, इंधन कमी लागतं. मूगडाळ खिचडीला सपाट भांड्यात पाऊण तास जातो आणि गॅस संपतो, म्हणून डाळ घरूनच भाजून भरड दळून आणा.

रकून हा प्राणी तिथला खरा चोर. पिंजऱ्यात फक्त जेवण नाही, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, रिकामी चटणीची डबीसुद्धा. पाठपिशवीत खाऊ राहिला तर ती ते फाडतात. पिंजरा नसलेल्या जागांवर पन्नास फूट दोरी न्या आणि पिशवी जमिनीपासून दहा फूट, बुंध्यापासून चार फूट टांगा. सालं, उष्टं, सॅनिटरी नॅपकिन, सगळं परत न्यायचं. दुहेरी पिशवी आणि थोडा खाण्याचा सोडा, वास येत नाही.

शिंपले

सायकल? कयाक?

उधाणभरती

सायकल मुख्य रस्त्यावर चालते, पुळणीवर आणि पायवाटांवर बंदी. रस्त्यात वाळूचे पट्टे आहेत, टायरची हवा कमी ठेवा.

कयाकला अनुभव हवा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढा वल्हवण्याच्या वेगाच्या तोडीस येतो, त्यामुळे जाताना ओहोटी आणि परतताना भरती अशी वेळ साधावी लागते. खाजणातल्या लहान खाडीत ओहोटीला शिरलात तर चिखलात बसाल. हा चिखल कोकणातल्या खाजणासारखाच, पाय घातला की मांडीपर्यंत, त्यात कालवांच्या धारदार कडा. उतरू नका, पाणी चढेपर्यंत बसून राहा. शिवाय शेजारीच किंग्ज बेचा पाणबुडी तळ आहे. त्याच्या सुरक्षा पट्ट्यात शिरलात तर गस्तीची बोट येते. पाणबुडी दिसली की फोटोसाठी जवळ नाही, लांब जायचं.

गोगलगाय

सगळ्यांचे आभार. नोव्हेंबर ठरवतेय, डंजनेसपुरतंच. शेवटचं विचारते, ४:४५ ची चुकली तर?

खाजण

थांबत नाही ती. रात्र काढायची परवानगी तंबूवाल्यांनाच, त्यामुळे खासगी बोट बोलवावी लागते, स्वतःच्या खर्चाने आणि ती मिळाली तर. चार वाजता धक्क्यावर बसलेलं असायचं. तुमच्यासाठी आणखी एक: परतीची बोट दोन्ही धक्क्यांवर लागते, पण आधी कुठल्या आणि किती वाजता, हे सकाळी उतरतानाच खलाशाला विचारून घ्या. नोव्हेंबरात धुक्याने किंवा वाऱ्याने सकाळची फेरी रद्द होऊ शकते, तेव्हा हॉटेलचं बुकिंग परत न मिळणारं करू नका. वरच्या डेकवर गार वारा लागतो, आईंना कानटोपी द्या.